भाऊजींचा मुलगा

काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर व्हायचं होतं. तोवर त्यांना वाचता येत नव्हतं आणि दुपारी झोपही येत नव्हती. मी नोकरी संपवून गावी राहायला आलो होतो. वर्तमानपत्राच्या कचेरीत दुपार ही दिवसाची सुरुवात असते, त्यामुळे दुपारी झोपायची सवय मलाही नव्हती. आमच्या आणि त्यांच्या वाडीमध्ये मेंदीचं कुंपण आहे, त्यात एका माणसाला जाता येईल एवढी फट आहे. जेवण झालं की मी त्या फटीतून पलीकडे जायचो आणि पडवीत बसून काकूंना वाचून दाखवायचो.

त्या नात्याने माझ्या काकू नव्हेत. गावात सगळे त्यांना काकूच म्हणतात. यजमान गेलेले, मुलगी पुण्याला बँकेत. सुपारी आणि नारळाची वाडी त्या एकट्या बघत.

आमचं गाव मुरूडच्या पुढे आणि आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला आहे. वाचनालय एका खोलीचं. त्यातून मी जे पुस्तक आणलं होतं ती एक जुनी रशियन कादंबरी होती, मराठीत आणलेली. मुखपृष्ठ आणि पहिली काही पानं वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे नाव कळायला मार्ग नव्हता. शेवटही नव्हता. गोष्ट अशी होती की एक गृहस्थ घोडागाडीतून गावोगाव फिरतो, जमीनदारांकडे जेवतो, गोड बोलतो, आणि मग हळूच विचारतो की तुमची जी कुळं मेली आहेत पण सरकारदरबारी अजून जिवंत दिसतात, ती मला विकाल का. त्या नावांच्या जोरावर त्याला मोठा माणूस व्हायचं असतं.

काकूंना हे अजिबात विचित्र वाटलं नाही. "मेलेल्यांना खायला घालायला लागत नाही," त्या म्हणाल्या. "शहाणाच म्हणायचा." दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं, "ह्या माणसाला घरचं कोणी नाही का रे? सारखा परक्यांकडेच जेवतोय."

पुस्तक निम्मं झालं असेल तेव्हा एक पांढरी गाडी काकूंच्या फाटकाशी थांबली.

गाडीतून उतरलेला माणूस पन्नाशीचा होता. इस्त्रीचा सदरा, हातात पेढ्यांचा खोका. पडवीत येण्याआधी त्याने चपला काढून भिंतीला समांतर लावून ठेवल्या. काकूंच्या पाया पडला, मग माझ्याही पडायला लागला, मी पाय मागे घेतले. बाकावर बसला तो अगदी कडेला, कोणी उठवलं तर लगेच उठता येईल असा. नवी मुंबईत त्याचा केटरिंगचा धंदा होता, कंपन्यांची कँटीन चालवायचा. मांडव्याच्या बंगल्यांवरच्या पार्ट्यांचं जेवणही त्याच्याकडून जायचं.

"माझं एक छोटंसं काम होतं, काकू. कसं सांगू तेच कळत नाहीये."

"बसून सांग," काकू म्हणाल्या. "असा टेकून नको, नीट बस."

तो इंचभर मागे सरकला. "तुमचे दीर. त्यांचं नाव अजून सातबाऱ्यावर आहे."

"ते वारले त्याला जमाना झाला."

"हो, ते माहितीये मला. पण कागदावर आहेत ना अजून."

काकूंनी माझ्याकडे तोंड वळवलं. पुस्तक माझ्या मांडीवर होतं, पानात बोट होतं. "ह्याने पण वाचलंय वाटतं," त्या म्हणाल्या.

"काय वाचलंय?" पाहुण्याने विचारलं.

"काही नाही. तू बोल."

त्याचं काम असं होतं. आपल्याकडे शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा मुळात शेतकरी असावा लागतो, म्हणजे त्याच्या किंवा वाडवडिलांच्या नावावर आधीची शेतजमीन लागते. ह्याच्याकडे ती नव्हती. पैसे होते, मांडव्याजवळ एक वाडी विकाऊ होती, मालकाशी बोलणं झालं होतं. दिवाळीपर्यंत शेतकरी असल्याचा दाखला आणला नाही तर मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणार होता. तलाठी कचेरीच्या आसपास वावरणाऱ्या एका एजंटाने त्याला मार्ग सुचवला होता. एखादा बिनवारसाचा मयत माणूस शोधायचा, ज्याचं नाव सातबाऱ्यावरून कोणी काढलेलं नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने प्रतिज्ञापत्र करून द्यायचं की हा त्या मयताचा मुलगा. वारस म्हणून नाव लागलं की माणूस शेतकरी झाला. मग वाडी घ्यायला मोकळा.

काकूंच्या दिरांच्या नावावर खाजणातला एक तुकडा होता. खाडीचा बांध फुटला तेव्हापासून तो भरतीच्या पाण्याखाली होता आणि आता त्यावर तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, जंगल होतं. जमिनीला काही किंमत नव्हती म्हणून वारसांची नोंद करायला कोणी गेलं नव्हतं. एजंटाच्या दृष्टीने हे सगळ्यात उत्तम होतं.

"म्हणजे तू भाऊजींचा मुलगा व्हायचंस," काकू म्हणाल्या.

"कागदावर, काकू. फक्त फॉर्मॅलिटी."

"त्यांचं लग्न झालं नव्हतं."

"मुंबईला होते ना ते? तिकडे झालं असेल, इकडे कळवलं नसेल. कोण विचारतंय?"

"भाऊजींना कोणी मुलगी दिली असती तर इथेच दिली असती." काकू हसल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या, "आयुष्यभर बायको मिळाली नाही, आणि आता मेल्यावर मुलगा चालत आलाय."

तो निघून गेल्यावर मी काकूंना स्पष्ट सांगितलं की हे खोटं प्रतिज्ञापत्र आहे, हा गुन्हा आहे, प्रकरण उघडकीला आलं तर त्यांनाही बोलावतील.

"कुठे बोलावतील?"

"अलिबागला."

"अलिबागला गेले नाही मी बऱ्याच दिवसांत."

मी विषय तिथेच सोडला. पत्रकाराला माहिती देता येते, माणसाचं मत बनवणं हे त्याचं काम नाही, असं मला शिकवलेलं होतं. शिवाय काकूंना गुन्हा कळला नव्हता असं नाही. त्यांच्या मनात दुसरंच काही चाललं होतं आणि ते मला दोन दिवसांनी कळलं, कादंबरी वाचता वाचता मध्येच.

भाऊजी उंच, सावळे आणि बोलताना अडखळणारे होते. मुंबईत एका औषधाच्या दुकानात नोकरीला होते, गणपतीला तेवढे यायचे. त्यांना मुली सांगून यायच्या आणि मुलीकडचे परत जायचे. काकू लग्न होऊन घरात आल्या तेव्हा घरात पुष्कळ माणसं होती आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर सुनेने जेवायचं अशी रीत होती. त्या घरात काकूंना 'वहिनी, तुम्ही जेवलात का' हे विचारणारे भाऊजी एकटेच होते. ते वाक्य ते न अडखळता म्हणायचे. मुंबईत तापाने गेले. यजमान होते तोवर पितृपक्षात भावाच्या नावाने पाणी सोडायचे. यजमान गेल्यावर ते बंद झालं.

"जावयाला कसं सांगणार?" काकू म्हणाल्या. "त्याचे स्वतःचेच पितर खूप आहेत."

इकडे बातमी गावात पसरली होती. आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर संध्याकाळी जी मंडळी बसतात त्यांच्याकडे ती कुठून पोचली हे मी शोधलं नाही. एजंट गावातलाच होता. मी पेपर चाळायला गेलो तेव्हा तिथे चर्चा रंगात आली होती.

"काकूंचे दीर काय, साधे दुकानात होते," वाचनालयाचे चिटणीस सांगत होते. "आमचे मामा मॅट्रिक. बिनलग्नाचे गेले. नाव अजून आहे. उद्या कोणी बघितलं तर बाप म्हणून शोभायला नको?"

"आमचा चुलता हाय की," भातशेती करणारा एक जण म्हणाला. "ना पोर, ना बाळ. आणि जमीन पाण्याखाली न्हाय, चांगली डोंगराला हाय."

"तुझा चुलता जिवंत हाय."

"म्हातारा झालाय पण."

"म्हणजे साहेबांनी थांबायचं व्हय?"

"थोडंसं."

त्याच माणसाचा चुलता वाचनालयात रोज पेपर वाचायला यायचा. त्या वेळीही आत बसलेला होता. त्याने पेपर खाली करून विचारलं, "माझं काय ठरलं?" आणि सगळ्यांनी त्याला बोलू दिलं नाही.

पाहुणा गावात आणखी दोनदा आला. प्रत्येक वेळी त्याची गाडी थांबली की ओट्यावरून कोणी ना कोणी उठून जायचं. चिटणीसांनी त्याला वाचनालय दाखवलं. त्याने सगळी कपाटं मनापासून पाहिली आणि दोन पंखे देतो म्हणाला. पंखे खरोखर आले. त्यानंतर तो मोठ्या घरातला आहे असं ठरलं. कोणी म्हणालं, मंत्र्याचा भाचा आहे. कोणी म्हणालं, दुबईत हॉटेलं आहेत. मंडळाच्या गणपतीला आरतीचं ताट त्याच्या हातात दिलं गेलं. मी बघत होतो. ताट हातात आल्यावर त्याने आधी मागे वळून पाहिलं, खरोखर आपल्यालाच दिलंय ना याची खात्री करून घेतली. तो लबाड होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. प्रत्येकाला काय ऐकायचं आहे ते त्याला कळायचं आणि ते तो द्यायचा. ताट वाढणाऱ्या माणसाची ती सवय असते.

आपले मयत नातेवाईक घेऊन गेलेल्या सगळ्यांना त्याने नम्रपणे सांगितलं की काकूंशी बोलणं चालू आहे, नाही जमलं तर नक्की विचार करू. चिटणीसांनी मामांचा फोटो मोठा करून आणला होता.

गणपती गेल्यावर काकूंनी त्याला बोलावून घेतलं.

"सही करीन मी," त्या म्हणाल्या. "पण आधी सर्वपित्रीला हरिहरेश्वरला जाऊन भाऊजींचं करायचं. मुलगा म्हणून. पिंड द्यायचे, पाणी सोडायचं. कागदावर बाप लावतोस ना, मग पाण्यावर पण लाव."

त्याने क्षणभरही विचार केला नाही. झेरॉक्स आणायला सांगावी तसा हो म्हणाला. मोबाईलमध्ये टिपून घेतलं. धोतर कसलं लागेल, मिशी काढावी लागते का, केस किती बारीक करायचे, हे सगळं विचारलं. गोत्र विचारून घेतलं. भाऊजींच्या वडिलांचं, आजोबांचं नाव घेऊन दोनदा म्हणून पाहिलं.

"आडनाव?" काकूंनी विचारलं.

"ते गॅझेटमध्ये बदलता येतं, काकू. त्याचं टेन्शन नाही."

अमावास्येला सकाळी तो गाडी घेऊन आला. मिशी काढलेली होती, त्यामुळे चेहरा एकदम लहान आणि उघडा वाटत होता. काकू पुढे बसल्या, मी मागे. आगरदांड्याला फेरीबोटीवर गाडी चढवली आणि आम्ही तिघेही उतरून कठड्याशी उभे राहिलो. खाडी शांत होती. समोर दिघीचा धक्का दिसत होता.

काकूंनी त्याला सहज विचारावं तसं विचारलं, "एवढी वाड्यांची गावं आहेत. तुला मांडव्याचीच वाडी कशाला हवी?"

इतके दिवस हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीही नाही. बंगल्यांच्या शेजारी पैसेवाल्यांना जागा हवी असते, एवढं उत्तर आम्ही गृहीत धरलं होतं.

"माझे वडील त्या वाडीत कामाला होते," तो म्हणाला. "शिंपण, सुपाऱ्या उतरवणं, राखण, सगळं. आम्ही पंपाच्या खोलीत राहायचो. मी तिथेच वाढलो. पण ते पगारी माणूस, कुळ नव्हे. म्हणून कागदावर कुठेच नाहीत. कसेल त्याची जमीन म्हणतात, पण पगार घेतला की ते लागू नाही."

"हं," काकू म्हणाल्या.

"मांडव्याला बोटीतून उतरलं ना काकू, की रिक्षावाले विचारतात, कोणाच्या बंगल्यावर? लहानपणापासून मी तिथे दुसऱ्याचं नाव सांगतो. अजून सांगतो. पार्टीचं जेवण घेऊन गेलो तरी मागच्या दाराने. वडिलांना एकदा पुढच्या फाटकातून आत न्यायचंय. आपली म्हणून."

"आता कुठे असतात वडील?"

"माझ्याकडेच. दिसत नाही आता फारसं. चालतात, पण धरून."

काकू पाण्याकडे पाहत राहिल्या. त्यांना धक्का आणि पाणी एकमेकांत मिसळलेलं दिसत असणार. बोट दिघीला लागली तेव्हा गाडीत बसताना त्यांनी माझ्या दंडाला धरलं होतं, आणि धरलं होतं ते नेहमीपेक्षा घट्ट. मला त्याचा अर्थ लागला नाही. माझ्या घरी ही कर्मं मी कधी नीट केली नव्हती आणि त्यांचे नियम मला माहीत नव्हते. त्यालाही नव्हते. काकूंना होते.

श्रीवर्धनवरून हरिहरेश्वरला पोचेपर्यंत ऊन चढलं. त्या दिवशी तिथे गर्दी असते. समुद्राच्या बाजूला खडकांवर आणि मंडपात ओळीने माणसं बसलेली, प्रत्येकापुढे केळीचं पान, भाताचे पिंड, तीळ, दर्भ. देवळात दर्शनाला आणि किनाऱ्यावर फिरायला आलेले लोक चपला हातात घेऊन त्यांच्यामधून वाट काढत होते. काकूंनी ओळखीच्या भटजींना आधी फोन केला होता. भटजी तरुण होते, हातात घड्याळ, पुढची मंडळी वाट बघत असल्याने घाईत.

"कोणाचं करायचं?"

"वडिलांचं," पाहुणा म्हणाला.

नाव विचारलं, त्याने भाऊजींचं नाव सांगितलं. गोत्र सांगितलं. आजोबांचं, पणजोबांचं नाव एका दमात सांगितलं. समुद्रात बुडी मारून ओल्या अंगावर गुंडाळलेलं कोरं धोतर त्याला नीट नेसता आलं नव्हतं, पुढून उचललं जात होतं. भटजींनी त्याच्या बोटात दर्भाचं पवित्रक घातलं आणि उपरणं उजव्या खांद्यावर घ्यायला सांगितलं. मंत्र झाले. पिंड ठेवायचे बाकी होते.

"आता तीळ आणि पाणी घ्या हातात," भटजी म्हणाले. "मी नाव घेतो. वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आणा आणि अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडा."

त्याने ओंजळ केली. भटजींनी पळीने पाणी घातलं. त्यांनी भाऊजींचं नाव घेतलं आणि त्यापुढे तो शब्द आला ज्याचा अर्थ संस्कृत न येणाऱ्यालाही कळतो. माझे पिता.

पाणी सुटलं नाही. तो ओंजळीकडे बघत होता. बोटांतून थेंब गळू नयेत म्हणून त्याने बोटं एकमेकांवर घट्ट दाबली.

"सोडा," भटजी म्हणाले.

"गुरुजी, एक विचारू?" त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "माणूस जिवंत असेल, आणि त्याचा चेहरा समोर आला, तर त्याला काही होतं का? ह्याने?"

"कोण जिवंत?"

"वडील."

भटजींनी पळी खाली ठेवली. त्यांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग हे कोणाचं चाललंय?"

"हे पण वडीलच," तो म्हणाला. मग त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. "म्हणजे, कागदावर."

"वडील हयात असताना मुलाने पिंड द्यायचे नसतात," भटजी म्हणाले. ते रागावले नव्हते, पुढच्या मंडळींकडे पाहून थोडे वैतागले होते. "कोणाचेच नाहीत. तुम्हाला घरी कोणी सांगितलं नाही?"

त्याला अजून एक रस्ता मोकळा होता आणि तो मला दिसत होता, म्हणजे त्यालाही दिसत असणार. वडील नाहीत, चुकून बोललो, असं म्हणायचं. गर्दी होती, घाई होती, भटजींनी ऐकून घेतलं असतं. काकूंनी शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला असता. ह्याच माणसाने अधिकाऱ्यासमोर शपथेवर हेच लिहून द्यायची तयारी ठेवली होती आणि त्याची झोप उडाली नव्हती. इथे फक्त ओंजळभर पाणी होतं.

"मिशी काढलीस तेव्हा घरी काय सांगितलंस?" काकूंनी विचारलं.

"त्यांना दिसत नाही," तो म्हणाला. "पण सकाळी निघताना नमस्कार केला, तर त्यांनी तोंडावरून हात फिरवला. म्हणाले, कोण गेलं?"

काकू खाली बसल्या. त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांनी त्याची ओंजळ धरून तांब्यावर नेली आणि ते पाणी तांब्यात परत ओतलं. "ऊठ," म्हणाल्या. "धोतर सोड, गार झालं असेल."

भटजींनी मार्ग काढला. सर्वपित्रीला कोणाचंही करता येतं, तुमच्या वतीने मी करतो, असं ते काकूंना म्हणाले. भाऊजींना पिंड मिळाले, पाणी मिळालं, भटजींच्या हातून. काकू डोळे मिटून बसल्या होत्या. पाहुणा मंडपाच्या बाहेर पायरीवर ओल्या धोतरातच बसला होता आणि फोनवर बोलत होता. मी जवळून गेलो तेव्हा ऐकू आलं. "बाबा जेवले का? नाही, तू विचार ना त्यांना. मी बोलतोय म्हणून सांग."

परतीच्या बोटीवर सहीचा विषय त्याने काढला नाही. काकूंनीच काढला.

"वाडीचं काय आता?"

"दुसरं गिऱ्हाईक आहे त्यांच्याकडे. होईल त्यांचं."

"वाईट वाटतंय?"

"हो," तो म्हणाला. इतक्या दिवसांत त्याने दिलेलं सगळ्यात लहान उत्तर होतं ते.

काकू कठड्याला धरून उभ्या होत्या. "वडिलांना घेऊन ये माझ्याकडे. सुपाऱ्या उतरवायच्या असतील तेव्हा ये, घाई नाही. पुढचं फाटक मोडलंय, पण उघडतं."

घरी आल्यावर मी काकूंना विचारलं की बोटीवर कळलं होतं तर हरिहरेश्वरपर्यंत का नेलंत. "मला भाऊजींचं करून घ्यायचं होतं," त्या म्हणाल्या. "आणि तो बोलेल असं वाटत होतं. कधी बोलेल ते माहीत नव्हतं."

गावात मात्र वेगळंच ठरलं. सौदा फिसकटला हे कळल्यावर ओट्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की हा माणूस पहिल्यापासूनच संशयास्पद होता. मंत्र्याचा भाचा असा कडेला टेकून बसत नाही, चिटणीस म्हणाले. मामांचा मोठा केलेला फोटो त्यांनी वाचनालयातच लावला, आता तो देणगीदारांच्या ओळीत आहे आणि त्याच्यावर पाहुण्याचा पंखा फिरतो. चुलता रोज पेपर वाचायला येतो. पुतण्याने चहाचं विचारलं की म्हणतो, "का रे, गिऱ्हाईक आलंय?"

काकू डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर एकदा तलाठी कचेरीत जाऊन आल्या. मला बरोबर नेलं होतं. भाऊजींच्या मृत्यूची आणि वारसांची नोंद व्हावी असा अर्ज त्यांनी केला. तिथल्या माणसाने विचारलं की तिवरांच्या जागेसाठी एवढे कष्ट कशाला. "कोणाला मोह नको व्हायला," काकू म्हणाल्या. अर्ज मंजूर व्हायला वेळ लागला, पण झाला. भाऊजी कागदावरही वारले.

कादंबरी आम्ही त्याआधीच संपवली होती, म्हणजे पानं संपली होती. काकूंनी विचारलं पुढे काय झालं, मी म्हटलं पुढची पानं नाहीत. त्यांनी पुस्तक हातात घेऊन मागची बाजू चाचपून बघितली आणि परत दिलं.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी पांढरी गाडी आली. तो वडिलांना धरून पुढच्या फाटकातून आत आला. वडील ठेंगणे, काटक, पांढरा शर्ट वरच्या बटणापर्यंत लावलेला. मुलाची मिशी परत आली होती. काकूंनी नव्या डोळ्याने दोघांकडे नीट पाहून घेतलं.

"बसा," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे केली.

म्हातारे खुर्चीला हात लावून तिच्या शेजारी खाली बसले, पायरीवर. मग मुलाला हळू आवाजात म्हणाले, "मालक झोपलेत काय?"

"मालक नाहीत, बाबा. काकूंची वाडी आहे."

"मग हळू बोल."

त्यांना वाडीतून फिरवलं. ते एकेका सुपारीच्या खोडाला हात लावत पुढे जात होते. विहिरीपाशी आल्यावर थांबले. पाटाचं पाणी वाहत होतं, त्याचा आवाज ऐकत राहिले.

"ही घेतलीस?" त्यांनी मुलाला विचारलं.

"नाही."

"मग ती? आपली?"

"ती पण नाही मिळाली, बाबा."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाले. "शिंपायला माणूस कुठून आणला असतास?"

काकूंनी पडवीत चहा आणला, सोबत नारळाच्या वड्या. म्हाताऱ्यांनी चहा बशीत ओतून घेतला, वडी रुमालात बांधून खिशात ठेवली. कप रिकामा झाला तसे ते उठले आणि भिंतीला हात लावत घराच्या मागच्या बाजूला गेले. न विचारता त्यांना मोरी सापडली. काकू "राहू दे, राहू दे" म्हणत मागे निघाल्या, तोवर मुलगा पुढे गेला होता. म्हातारे उकिडवे बसून आपला कप विसळत होते. तो क्षणभर त्यांच्या मागे उभा राहिला. मग पँट गुडघ्यांवर ओढून शेजारी बसला, आणि त्याने आपलाही विसळला.